‘शुद्ध कुसमी चपडा’ म्हणून मी ५,७९० रुपयांची राळ विकत घेतली

चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाचे पॉलिश करायचे लाखेचे पापुद्रे, आणि कुसमी म्हणजे कुसुमाच्या झाडावरच्या लाखेचा. ‘मेणासकट शुद्ध कुसमी चपडा’ अशा जाहिरातीवर विसंबून मी तीन किलो माल मागवला, १,८५० रुपये किलोप्रमाणे ५,५५० आणि पाठवणीचे २४० असे ५,७९० रुपये आगाऊ भरले, आणि हाती आले ते लाखेत सढळ हाताने मिसळलेली चिडाच्या (पाइनच्या) झाडाची राळ. आगाऊ पैसे, ‘शेवटचाच लॉट’, मग बंद फोन हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. तो उगाळत नाही.

मला आजही टोचतो तो बरणीजवळचा क्षण. लिटरभर स्पिरिटमध्ये २४० ग्रॅम पापुद्रे रात्रभर भिजत घातले आणि सकाळी पाहिले, तर द्रावण मधासारखे नितळ होते. लाखेत साधारण चार ते पाच टक्के मेण असते, ते थंड स्पिरिटमध्ये विरघळत नाही, म्हणून मेणासकट चपड्याचे पॉलिश गढूळच दिसले पाहिजे, हे मी स्वतः इतरांना शिकवत आलो आहे. झाकण उघडताच टर्पेंटाइनसारखा वासही आला. तरी ‘काय स्वच्छ माल आहे!’ म्हणून मी खूश झालो. रंग आणि पापुद्र्यांची जाडी अगदी हवी तशी होती, आणि मेज देण्याची तारीख तोंडावर आली होती, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

सागवानी मेजावर सहा हात मारले. चौथ्या दिवशीही त्यावर ठेवलेला कागद चिकटत होता आणि नख ओढले की पांढरा भुगा निघत होता. विक्रेत्याने दोष माझ्या स्पिरिटला दिला. त्याच स्पिरिटमधला जुना चपडा मात्र फळीच्या तुकड्यावर तासाभरात खणखणीत सुकला. लाखेचे पॉलिश स्पिरिटने उतरते म्हणून लाकूड वाचले, पण त्यात तीन दिवस गेले आणि गिऱ्हाइकाने ४,००० रुपये कापले. चिमूटभर पापुद्रे आधी मिनरल टर्पेंटाइनमध्ये टाकून पाहा: लाख तशीच राहते, राळ विरघळते. ही परीक्षा मी पैसे गेल्यावर केली.

तक्रार घेऊन गेलो, तर एका खिडकीवर विक्रेता परराज्यातला असल्याने तिकडे जा म्हणाले, आणि दुसरीवर ‘धंद्यासाठी घेतलेत, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही’ असे ऐकवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागू शकतो, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेणाराही ग्राहक ठरतो. हे मी, एका सुताराने, त्या साहेबांना वाचून दाखवायचे! त्यावर त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. प्रयोगशाळेने खासगी व्यक्तीचा नमुना घेणार नाही म्हणून सांगितले. पहिल्यांदा ५० ग्रॅमच मागवा, पाकिटावरची जाहिरात आणि पावती जपा, आणि तयार पॉलिश घेणार असाल तर बनवल्याची तारीख नसलेली बाटली हातात धरू नका, कारण ते महिन्यांगणिक सुकेनासे होत जाते.

आज ४१ वा दिवस आहे. तक्रारीपुढे ‘प्रक्रियाधीन’ असे लिहिलेले दिसते, आणि उरलेला दोन किलो ७६० ग्रॅम माल उन्हाळ्याच्या उकाड्यात पिशवीतल्या पिशवीत एक ढेकूळ होऊन बसला आहे.