जहांगीरच्या फुटपाथवरची मुंबई: घ्यावी तर कशी घ्यावी

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडलेली असतात. त्यांना ‘टुरिस्टांचा माल’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातला काही माल तसा आहेही. पण घरात मुंबईचं एखादं चित्र लावायचं असेल, ते चित्रकाराशी थेट बोलून घ्यायचं असेल, तर ही जागा सोडून दुसरीकडे आधी जाऊ नये. तिकीट नाही, दार नाही, आपल्या चपलांकडे कुणी बघत नाही. मेट्रो ३च्या हुतात्मा चौक स्थानकावरून चालत जाता येतं.

आधी विषयांबद्दल, कारण फसगत तिथेच होते. लाल छत्री, राखाडी रस्ता, ओल्या डांबरात पिवळे दिवे: हे चित्र छान दिसतं आणि कुठल्याही शहराचं असू शकतं. महिन्याभरात भिंतीवर ते दिसेनासं होतं. टिकतं ते नेमकं चित्र. चाळ काढली असेल तर जिन्याखालची मीटरची पेटी, दाराशी पाण्याचं पिंप, कठड्यावर वाळत टाकलेली गोधडी, यातलं निदान एक तरी हवं. चाळ कुठली हेही चित्रात कळलं पाहिजे. गिरगावच्या चाळीला बाहेरून लाकडी गॅलरी असते. बीडीडीच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळींच्या इमारतीत मधोमध बोळ आणि दोन्हीकडे खोल्या. चित्राखाली ‘बीडीडी चाळ, वरळी’ लिहून वर नक्षीदार लाकडी कठडे काढले असतील, तर चित्रकार तिथे गेलेला नाही. वरळीत वाढलेल्या माणसाच्या ते दुसऱ्या क्षणी लक्षात येतं आणि तो पुढे सरकतो.

गाड्यांचंही तेच. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली. ‘पद्मिनी’ नावाची गाडी आली सत्तरच्या दशकात. दोघींना एकाच रस्त्यावर उभं करणारी चित्रं सर्रास दिसतात. जुनी डिझेलवरची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला थांबली, म्हणून तिच्या चित्रांना गिऱ्हाईक आहे. तिथे पुढची पाटी बघा. बेस्टच्या जुन्या बसच्या कपाळावर मार्गाचा आकडा देवनागरीत असे. तो रोमन दिसला तर चित्र घाईत केलंय एवढं नक्की.

मात्र सगळंच नेमकं असलं की चित्र गुदमरतं. चांगले चित्रकार वस्तू नेमक्या ठेवतात आणि माणसं मोघम. चाळीच्या गॅलरीत उभी असलेली बाई पाठमोरी असली की बघणारा तिच्या जागी आपली आजी ठेवतो. तिला नाकडोळे काढले की ती परकी बाई होते. विकण्याच्या तऱ्हेतही हाच फरक आहे. ‘यात मी शहराचं एकाकीपण दाखवलंय’ असं सांगणाऱ्यापेक्षा ‘तुम्ही कुठले?’ एवढंच विचारून गप्प बसणाऱ्याचं चित्र जास्त जातं. गिऱ्हाईक मग स्वतःच बोलायला लागतं.

आता कागद. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगला जाड) कॉटन कागद उत्तम. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे काही वर्षांत पिवळा पडतो. कागद कुठला असं थेट विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर समजून घ्या. गडद गुलाबी आणि किरमिजी रंग जास्त असतील तर जपून, कारण ॲलिझरिन क्रिमझनसारखे रंग उजेडात फिके पडतात. हाताने काढलेलं की छापील, हे मोबाईलचा टॉर्च आडवा धरून कळतं: मूळ जलरंगात कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण बसलेले दिसतात, खाली पेन्सिलची रेघ सापडते. छापील चित्राला भिंगाखाली सारखे बारीक ठिपके. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेला प्रकारही बाजारात असतो. तिथे फटकाऱ्याची दिशा आणि खालच्या रंगाची दिशा जुळत नाही. छापील घेण्यात पाप नाही, पण किंमत छापिलाची द्यावी.

फोटोवरून पोर्ट्रेट करून घेणारे इथे बरेच येतात, बहुतेक वेळा गेलेल्या आईवडिलांचं. यात बिघडतं ते मुख्यतः फोटोमुळे. पासपोर्ट फोटोत समोरून फ्लॅश पडतो, सावली मरते आणि नाक सपाट होतं. चित्रकार मग अंदाजाने नाक काढतो आणि घरचे म्हणतात, ‘आई वाटत नाही.’ व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत देऊ नका. मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, सोबत वेगळ्या कोनातले दोन-तीन फोटो द्या, आणि कुंकवाचा आकार, तीळ, पदर कुठल्या खांद्यावर ते लिहून द्या. दात दिसणारं हसू टाळा. फोटोत गोड वाटलं तरी चित्रात दातांच्या रेघा चेहरा म्हातारा करतात. आगाऊ रक्कम अर्धी, आणि पेन्सिलच्या टप्प्यावर एकदा पसंती, हे आधीच ठरवा. रंग चढल्यावर डोळ्यांतलं अंतर बदलत नाही. कोळशाचं असेल तर फिक्सेटिव्ह मारलंय का ते विचारा, नाहीतर घरी पोचेपर्यंत गाल पुसलेला.

भाव करता येतो. मोठ्या एका चित्रावर घासाघीस करण्यापेक्षा दोन लहान एकत्र घ्या, त्यात चित्रकाराचाही मान राहतो. उन्हात रंग भडक दिसतात, म्हणून ठरवण्याआधी चित्र सावलीत नेऊन बघा. मागच्या बाजूला सही, साल आणि जागेचं नाव त्याच्याच हातचं लिहून घ्या.

इथे मिळणारी तयार फ्रेम मात्र घेऊ नये. काच थेट कागदाला टेकलेली असली की पावसाळ्यात आत ओल धरते आणि तपकिरी ठिपके उठतात. ते डाग सहजी निघत नाहीत. आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून काच आणि कागदात फट ठेवायला सांगा, मागे प्लॅस्टिकची चिकटपट्टी नको, कागदी लावा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गोळ्या चिकटवा, म्हणजे चित्रामागे हवा खेळते. पश्चिमेच्या भिंतीला पावसात पाझर असेल तर चित्र तिथे टांगूच नका. जाड थराच्या तैलरंगाची गुंडाळी करू नका; ॲक्रिलिकची करायचीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान चार इंच व्यासाच्या नळीवर.