रोटाव्हॅकचे पाच थेंब: आमचा अनुभव

रोटाव्हॅक म्हणजे रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या व्हायरसवरची लस, लेकीला 6व्या आठवड्यात सरकारी केंद्रात फुकट दिली. सिस्टरने ड्रॉपरने गालाच्या आत पाच थेंब सोडले आणि बाईसाहेब मिटक्या मारत बसल्या, रडारड झाली ती नंतरच्या सुईला. 10व्या आठवड्याच्या डोसला मात्र स्टॉक संपला म्हणून परत पाठवलं, डोकं फिरलं, एक स्टार त्याचाच कापलाय.

आता लस कितपत भारी? ट्रायलमध्ये पहिल्या वर्षी रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब साधारण 56 टक्क्यांनी कमी झाले (एक सेंटर आपल्या पुण्याचं होतं), म्हणजे जुलाब होणारच नाहीत असं नाही, ओआरएस घरात पाहिजेच. पण लस हवीच, कारण एरवी आतड्याच्या अस्तरातल्या पेशी व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय साहित्य) ओळखून इंटरफेरॉन नावाचं धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन सोडतात, शेजारच्या पेशी सावध होतात, आणि हा रोटाव्हायरस इतका चालू की त्याचं एनएसपी1 नावाचं प्रोटीन तो अलार्मच दाबून टाकतं, चोराने आधी कुत्र्याला भाकरी टाकावी तसं! मग अँटीबॉडीजची तयारी आधीच करून ठेवलेली बरी ना.

त्रास काहीच नाही, एकदा जरा पातळ शी झाली बस. जाताना जास्तीचा लंगोट घ्या आणि सकाळी लवकर जा.