पायथनसोबत फुकट मिळणारं पिप: विंडोजवर पास, उबुंटूवर अटी लागू

हे परीक्षण पिपचं, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकली की सोबत येणाऱ्या पॅकेज इन्स्टॉलरचं. पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रामात वापरता येणारा तयार कोड. बार्शीत माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. मुलं आपापले लॅपटॉप घेऊन येतात. बहुतेकांकडे विंडोज, एकदोघांकडे मोठ्या भावाने उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलेला जुना लॅपटॉप, आणि क्वचित एखादं मॅकबुक. पायथन सगळ्यांचं तेच असतं, पण पिप प्रत्येकाकडे वेगळं वागतं.

सोबत देण्याची कल्पना मात्र शंभर टक्के बरोबर. २०१४ च्या मार्चमध्ये पायथन ३.४ आलं तेव्हापासून ही सोय आहे. त्याआधी गेट-पिप नावाची स्क्रिप्ट शोधा, उतरवा, चालवा, मग सेटअपटूल्स या पिपला लागणाऱ्या पॅकेजवरून अडा. नवशिक्याचा पहिला तास त्यातच संपायचा. डोनाल्ड स्टफ्ट आणि निक कॉगलन यांनी पेप ४५३ या पायथनमधल्या बदलाच्या प्रस्तावात जो मार्ग काढला तो मला आजही आवडतो. पिपला त्यांनी पायथनच्या लायब्ररीत कायमचं कोंबलं नाही. 'एन्शुअरपिप' नावाचं मॉड्यूल ठेवलं आणि त्याच्या पोटात पिपची व्हील फाइल, म्हणजे बांधून तयार असलेलं पॅकेज. दोन एमबीच्या आसपासचा ऐवज. त्यामुळे पायथन तेच ठेवून पिप हवं तेव्हा अपग्रेड करता येतं, आणि पिप बसवायला नेट लागत नाही. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की वायफायही जातं, तेव्हा याची किंमत कळते.

पॅकेजला अर्थातच नेट लागतं. त्यासाठी मी 'पिप डाउनलोड' करून सगळ्या व्हील पेनड्राइव्हवर ठेवते आणि वर्गात '--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' देऊन तिथूनच टाकून घेते. फक्त उतरवताना मशीन विंडोजचंच हवं आणि पायथनची आवृत्ती मुलांकडे आहे तीच हवी, नाहीतर पिप ती फाइल चालत नाही म्हणून सांगतं.

आता विंडोज. इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी 'अ‍ॅड पायथन डॉट एक्सई टू पाथ' असा चौकोन असतो. तो आपणहून टिक केलेला नसतो. मुलं नेक्स्ट-नेक्स्ट करत जातात आणि मग कमांड प्रॉम्प्ट म्हणतो, पिप नावाचं काही मला माहीत नाही. वास्तविक पिप आलेलं असतं, स्क्रिप्ट्स नावाच्या फोल्डरात निवांत पडलेलं असतं, फक्त पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, नसतं. वर आणखी गंमत म्हणजे अशा वेळी नुसतं 'पायथन' टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. मूल तिथून दुसरं पायथन टाकतं आणि एका मशीनवर दोन संसार सुरू होतात. पिप पांडाज नावाचं पॅकेज एका घरात नेऊन ठेवतं, प्रोग्राम दुसऱ्या घरात शोधतो, आणि 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज' वाचून पोरगं माझ्याकडे बघतं. अशा वेळी 'पिप --व्हर्जन' चालवा. ओळीच्या शेवटी कंसात पायथनची आवृत्ती आणि त्याआधी फोल्डरचा पूर्ण रस्ता दिसतो. भांडण कुणाचं ते लगेच कळतं. माझ्या वर्गात नुसतं 'पिप इन्स्टॉल' कुणी लिहीत नाही, 'पीवाय -एम पिप इन्स्टॉल' लिहायचं. ज्या पायथनला हाक मारली त्याचंच पिप येतं.

मॅकवर पायथन डॉट ऑर्गचा इन्स्टॉलर वापरलात तर पिप३ गुपचूप चालतं. एक खोच आहे. पिप स्वतःची सर्टिफिकेटं बरोबर बाळगतं, त्यामुळे पॅकेज उतरतात, पण यूआरएललिबने (पायथनमधलं वेबपानं उतरवणारं मॉड्यूल) लिहिलेला तुमचा स्वतःचा प्रोग्राम सर्टिफिकेटच्या एररवर आपटतो. अ‍ॅप्लिकेशन्समधल्या पायथनच्या फोल्डरात 'इन्स्टॉल सर्टिफिकेट्स' आहे, त्यावर डबल क्लिक करा.

उबुंटूवर पायथन आधीपासून असतं आणि पिप नसतं! डेबियन या लिनक्सने आणि तिच्या वंशातल्या उबुंटूने एन्शुअरपिप बाजूला काढून वेगळ्या पॅकेजात ठेवलंय. व्हेंव, म्हणजे एका कामाच्या पॅकेजांसाठी वेगळी खोली, करायला गेलं तरी 'पायथन३-व्हेंव' आधी एपीटीने (उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) टाका असा निरोप येतो. ते टाकलं, मग पिपही टाकलं, तरी उबुंटू २३.०४ पासून पुढे 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून दार बंद. चिडचिड होते, पण कारण खरं आहे. सिस्टिमची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर चालतात, पिपने त्यांच्या लायब्ररीत ढवळाढवळ केली तर मशीनच आजारी पडेल. तेव्हा व्हेंव करा आणि त्यातलं पिप वापरा, ते बिनतक्रार चालतं. '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय इंटरनेटवर कुणीही सुचवतं. नावातच काय होणार ते लिहिलंय, तरी लोक वापरतात.

'मॅडम, यूव्ही का नाही?' असं हल्ली थोडी पुढे गेलेली मुलं विचारतात. यूव्ही हे पिपसारखंच काम करणारं दुसरं अवजार, भन्नाट वेगवान आहे, मी स्वतःच्या कामाला तेच वापरते. पण ते आधी वेगळं आणावं लागतं, आणि ज्याला अजून फोल्डर बदलता येत नाही त्याच्यासाठी हाताशी असलेलं पिप बरं.

पाचपैकी गुण द्यायचे तर विंडोज साडेतीन, मॅक चार, उबुंटू अडीच; व्हेंव कळलं की तिथेही चार.

एक खबरदारी तिन्हीकडे. पिप सोबत येतं, सी कंपायलर (सी भाषेतला कोड मशीनसाठी बांधणारा प्रोग्राम) येत नाही. दर ऑक्टोबरात पायथनची नवी आवृत्ती निघते आणि काही पॅकेजांच्या व्हील तिच्यासाठी लगेच तयार नसतात. मग पिप सोर्समधून बांधायला घेतं आणि विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.०' मागत बसतं. म्हणून दिवाळीच्या बॅचला मी आदल्या वर्षीचंच पायथन टाकायला सांगते.