ब्लू टँग आणि तीन फुटी टाकी : चौदा महिन्यांनंतर

गेल्या रविवारी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले सगळे दगड बाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्यांत ठेवले, तेव्हा कुठे पाऊण तासाने ब्लू टँग, म्हणजे निळा समुद्री मासा, हाती लागला. जाळी वापरली नाही. त्याच्या शेपटीपाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो. प्लास्टिकच्या डब्यात हळूच घेतला आणि संध्याकाळी दुकानात परत दिला. 2800 रुपयांना आणलेला मासा, मिळाले 700, तेही रोख नाही, पुढच्या खरेदीत वळते करणार. पैशाचं वाईट वाटतंच. त्याहून वाईट वाटतं ते त्या माशाने माझ्याकडे काढलेल्या अकरा महिन्यांचं.

टाकी 90 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची आहे. काचेच्या मापाने 182 लिटर, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता पाणी दीडशे लिटरच्या आसपास. स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र), हीटर, लाइट यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मासा ज्या मापाने विकला जातो, त्याबद्दल.

दुकानात तो जेमतेम 5 सेंटिमीटरचा होता. मी विचारलं, "एवढ्या टाकीत राहील ना?" उत्तर आलं, "ताई, मासा टाकीएवढाच वाढतो." मी विश्वास ठेवला. हे वाक्य कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी मानू नका. अपुऱ्या जागेत मासा समजूतदारपणे लहान राहत नाही. त्याची वाढ खुंटते, कारण तो त्रासात असतो. ब्लू टँगची पूर्ण वाढ 30 सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या दप्तरातली अख्खी पट्टी. माझ्या टाकीची रुंदीच 45.

पहिले चार महिने मी याला पाचपैकी पाच तारे दिले असते. क्लिपला लावलेली नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, तो ओढून ओढून खायचा, रात्री दगडाच्या फटीत आडवा होऊन झोपायचा. मुलगी शाळेतून आली की आधी त्याच्यापाशी. पाचव्या महिन्यात मी काचेवर बाहेरून शिवणकामाची टेप चिकटवली आणि तो समोरून गेला की माप घेऊ लागले. तेव्हा 8 सेंटिमीटर, अकराव्या महिन्यात 13.

13 ऐकायला काहीच नाही. पण मासा नुसता लांब होत नाही, उंच आणि जाडही होतो. लांबी अडीचपट झाली की अंगाचं वजन साधारण पंधरापट होतं. त्याच मानाने खाणं आणि घाण. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार, 10 वरून 40 वर गेलं. आधी आठवड्याला 15 लिटर पाणी बदलायची, त्याला अर्धा किलोहून थोडं जास्त मीठ लागायचं. मग 30 लिटर आणि किलोभर मीठ. आरओचं वाया जाणारं पाणी वेगळंच. तेव्हा मला वाटलं, प्रश्न पाण्याचा आहे, मोठा स्किमर घेऊ.

ते मत मी सोडलं. पाणी पुन्हा स्वच्छ झालं तरी तो काचेला लागून इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर तेच करत राहिला. मग दगडांची रास सोडून सरळ पोहायला किती जागा उरते ते मोजलं : 52 सेंटिमीटर. त्याच्याच अंगाच्या चार लांब्या. हा प्रवाळांच्या कडेने दूरवर पोहणारा मासा. याला सहा फुटी टाकी लागते असं जाणकार सांगतात, ते लिटरसाठी कमी आणि लांबीसाठी जास्त. म्हणून टाकी किती लिटरची हे विचारू नका, दगड लावल्यावर मोकळी लांबी किती ते मोजा.

मे महिन्यात तीन तास वीज गेली, तेव्हा उरलासुरला निर्णयही झाला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो, पाणी तापलं की आणखी कमी. टँग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता, त्याच टाकीतली क्लाउनफिश या छोट्या माशांची जोडी मात्र नेहमीसारखी कोपऱ्यात. बॅटरीच्या एअर पंपाने तो वाचला.

आता टाकीत आहेत ती क्लाउनची जोडी, आणि रॉयल ग्रामा व फायरफिश हे आणखी दोन छोटे मासे. पूर्ण वाढ झाली तरी यातला एकही 11 सेंटिमीटरच्या पुढे जाणारा नाही. क्लाउनमधली मोठी ती मादी, हेही मला टेपमुळेच कळलं. ही जोडी टाकीत जन्मलेली, समुद्रातून पकडलेली नाही, त्यामुळे खायला पहिल्या दिवसापासून तयार. पण लहान मासा म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पहिला फायरफिश उघड्या टाकीतून उडी मारून गेला, सकाळी फरशीवर सापडला. तेव्हापासून वर बारीक जाळीचं झाकण आहे. झाकण मासा आणण्याआधी घ्या.

नायट्रेट परत उतरायला लागलंय, मीठ अर्ध्यावर आलं. मुलगी निळा मासा पुन्हा मागते. परवा तिने वर्तमानपत्रातून 30 सेंटिमीटरचा टँग कापला आणि आम्ही दोघींनी तो काचेवर धरला. मागची दोन्ही क्लाउन पूर्ण झाकली गेली. टेप अजून काचेवरच आहे.