राफेल-एम विकत घ्यायचं की स्वतःचं घडवायचं?

४ डिसेंबर २०२३ला मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. त्यात भाग घेतलेली नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं रशियन बनावटीची. यापुढे विमानवाहू नौकांवर कोणती विमानं असावीत?

विकत घेण्याचा मार्ग सरळ, पण महाग. एप्रिल २०२५मध्ये फ्रान्सशी नौकेवरून उडणाऱ्या २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झाला, किंमत सुमारे ६३ हजार कोटी. विमान फ्रेंच नौदलाने वर्षानुवर्षं वापरलेलं. मात्र सुटे भाग, अद्ययावतीकरण, नवी क्षेपणास्त्रं बसवणं, सगळ्यासाठी पॅरिसकडे बघायचं.

घडवण्याची गोष्ट लांबलचक आहे. तेजस या देशी लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला १९८३मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण झालं जानेवारी २००१मध्ये. त्यासाठी आखलेलं देशी कावेरी इंजिन जमलं नाही, म्हणून अमेरिकी एफ-४०४ बसवलं. होडी मालवणात बांधायची आणि इंजिन बाहेरून आणायचं, तसंच हे! पुढे याच इंजिनांचा पुरवठा रखडला आणि तेजसच्या सुधारित आवृत्तीची, मार्क-१एची, डिलिव्हरीही लांबली.

तरी तेजसवर घातलेले पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. जानेवारी २०२०मध्ये नौदलाचं तेजस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरलं. एका इंजिनाचं हे विमान नौदलाने ताफ्यात घेतलं नाही, पण त्या अनुभवावरच दोन इंजिनांच्या नव्या विमानाचा आराखडा उभा राहतोय.

माझं मत: आत्ता राफेल-एम घ्याच, कारण नौका रिकाम्या ठेवून चालणार नाही. पण इंजिनाच्या संशोधनाचा पैसा त्यासाठी कापू नका.