संत्रे, लिंबू आणि बर्गमॉट: सालीच्या सुगंधी तेलांचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी लिंबूवर्गीय फळांच्या सालींची तीन सुगंधी तेले नियमाने वापरत आहे: गोड संत्र्याचे, लिंबाचे आणि बर्गमॉटचे. खांदा आणि गुडघा आखडण्याचा त्रास जुना असल्यामुळे, ही तेले सूज उतरवतात आणि दाह कमी करतात हा बाटल्यांवरचा दावा मला पारखून पाहायचा होता. रात्री तिळाच्या तेलात मिसळून मालिश आणि दिवसा खोलीत वासापुरते दोन-चार थेंब, असा वापर ठेवला. तेले मला आवडली आहेत आणि पुढेही वापरणार आहे, हे आधीच सांगते. परंतु ज्या गुणासाठी ती विकली जातात तो गुण माझ्या वापरात दिसला नाही, आणि बाटली कोणती घ्यावी याइतकेच ती उघडल्यावर कशी ठेवावी हे महत्त्वाचे आहे, असे माझे मत झाले आहे.

संत्रे सोलताना बोटांवर जो बारीक फवारा उडतो, तेच हे तेल. सालीच्या रंगीत थरात नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या तैलग्रंथी असतात आणि त्या दाबून, उष्णता न देता तेल काढले जाते. गोड संत्र्याच्या तेलात साधारण 95 टक्के एकच द्रव्य असते, ते म्हणजे लिमोनीन. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंचा हा रेणू टर्पीन या वनस्पतींच्या सुगंधी द्रव्यांच्या कुळातला. या कुळाच्या रचनेचा उलगडा करणाऱ्या कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांना 1910 चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिंबाच्या तेलात लिमोनीन सुमारे दोन तृतीयांश असते, उरलेल्या भागात बीटा-पायनीन आणि गॅमा-टर्पिनीन येतात. पण लिंबाला लिंबाचा वास देणारे सिट्राल जेमतेम दोन-तीन टक्के असते. बर्गमॉट हे मुख्यतः दक्षिण इटलीतील कालाब्रियाच्या किनारपट्टीवर पिकणारे फळ. अर्ल ग्रे चहाचा वास त्याचाच. त्याच्या तेलात लिमोनीनच्या जोडीला लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट भरपूर असतात. लॅव्हेंडरमध्येही हीच दोन द्रव्ये प्रमुख असल्यामुळे बर्गमॉटचा वास तिघांत सर्वांत मऊ वाटतो.

दाहशमनाच्या दाव्यामागे संशोधन आहे, हे मान्य करायला हवे. प्रयोगशाळेत उंदराच्या भक्षक पेशींना (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींना) जिवाणूंच्या आवरणातील द्रव्य देऊन चिथावले, की त्या नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्यूकिनसारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडू लागतात. लिमोनीन दिल्यावर हे प्रमाण घटते. उंदरांच्या पंजात कॅराजीनन टोचून आणलेली सूज या वर्गातील तेलांनी कमी झाल्याचेही प्रयोग आहेत. मात्र पेशींच्या बशीत लिमोनीन थेट पेशीला भिडते, तर माझ्या गुडघ्यावर चोळलेल्या तेलातील लिमोनीनचा मोठा भाग हवेत उडून जातो आणि उरलेल्यापैकी किती सांध्यापर्यंत पोहोचतो हा प्रश्न उरतोच. जाहिरातीत आणखी एक गल्लत सर्रास दिसते. सालीतील हेस्पेरिडिन या द्रव्याचे गुण सांगून तेल विकले जाते. पण हेस्पेरिडिन तेलात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे ते सालीच्या चूर्णात सापडेल, या तेलाच्या बाटलीत त्याची अपेक्षा करता येत नाही.

माझ्या बाजूने मी एक साधी तुलना केली. काही आठवडे एका गुडघ्याला नुसते कोमट तिळाचे तेल आणि दुसऱ्याला त्याच तेलात संत्र्याचे थेंब घालून, दोन्हीकडे सारखाच वेळ चोळून पाहिले. मग बाजू बदलल्या. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा दोन्हीकडे सारखाच कमी झालेला वाटला. आराम मिळाला तो ऊब, तेल आणि चोळणे यांनी, असे मी समजते. या तेलांच्या बाबतीत निष्पक्ष तुलना अवघडच असते, कारण वास लपवता येत नाही. कोणत्या वाटीत संत्रे आहे हे नाकाला लगेच कळते आणि मनाची अपेक्षा तिथूनच सुरू होते. वासाचा स्वतःचा परिणाम मात्र मला नाकारता येणार नाही. व्हिएन्नामधील 2000 सालच्या एका अभ्यासात दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात संत्र्याचा वास दरवळत ठेवल्यावर स्त्री रुग्णांची चिंता कमी आढळली होती, आणि संध्याकाळी थकून आल्यावर लिंबाच्या वासाने येणारी तरतरी मी रोज अनुभवते.

आता साठवणीविषयी, कारण या तेलांचे खरे मर्म तिथे आहे. लिमोनीन हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून हायड्रोपेरॉक्साइड, लिमोनीन ऑक्साइड आणि कार्व्होन तयार होतात. स्वीडनमधील ॲन-थेरेस कार्लबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ताजे लिमोनीन त्वचेला फारसे त्रासदायक नसते, पण हवा लागून बदललेले लिमोनीन ॲलर्जी निर्माण करणारे ठरते. म्हणजे दाह शमवण्यासाठी घेतलेले तेल जुने झाल्यावर स्वतःच दाहाचे कारण होऊ शकते. अर्धी रिकामी झालेली संत्र्याची बाटली उन्हाळ्यात कपाटात राहिली, तेव्हा हा बदल मला जवळून पाहता आला. आधी वरचा गोड, सोललेल्या फळाचा वास गेला; मागे वॉर्निशसारखा उग्रपणा आणि त्यात पुदिन्याकडे झुकणारी एक छटा आली, जी कार्व्होनची असावी. टिपकागदावर ताज्या तेलाचा थेंब वाळून फिकट पिवळा डाग राहतो, तर या तेलाचे चिकट कडे राहिले. ते तेल मी अंगाला लावण्यातून काढून टाकले. बरण्यांवरच्या लेबलांचा डिंक काढायला मात्र ते उत्तम ठरले, कारण लिमोनीन मुळात चांगले विद्रावक आहे. थर्माकोलवर थेंब टाकला तर खड्डा पडतो आणि फुग्यावर साल पिळली तर फुगा फुटतो, तेही याचमुळे.

या गुणामुळेच पॅकिंगबद्दल माझी तक्रार आहे. एका विक्रेत्याकडून आलेल्या बाटलीला रबरी फुग्याचा ड्रॉपर होता. काही आठवड्यांत रबर फुगून मऊ पडले आणि तेलाला त्याचा वास लागला. काचेची गडद तपकिरी बाटली, आत थेंब मोजून सोडणारे बूच आणि वर घट्ट झाकण एवढे तरी हवे. मी आता 10 मिलिलिटरचीच बाटली घेते, उघडल्याची तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवते आणि सहा महिन्यांच्या आत संपवते. थंडीने तळाशी थोडा गढूळपणा येतो. तो सालीतील मेणाचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. तेल पेट घेणारे असल्यामुळे गॅसच्या शेगडीजवळ ते ठेवू नये.

बर्गमॉटबद्दल वेगळा इशारा द्यावा लागेल. दाबून काढलेल्या या तेलात बर्गाप्टेन असते. त्वचेवर ते असताना ऊन लागले तर भाजल्यासारखी आग होते आणि नंतर काळे डाग राहतात. कोडावरच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या बावचीतील सोरालेन याच, फ्युरोकुमारीन नावाच्या, कुळातले आहे, त्यामुळे हा धोका आपल्याकडच्या वैद्यांना नवा नाही. सुगंधद्रव्य उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत अशा बर्गमॉट तेलाची मर्यादा 0.4 टक्के ठेवली आहे, म्हणजे 30 मिलिलिटर तिळाच्या तेलात जेमतेम दोन थेंब. लिंबाचे दाबून काढलेले तेलही दिवसा लावू नये. गोड संत्र्याच्या तेलात ही अडचण जवळजवळ नाही. लिमोनीन त्वचेतून इतर द्रव्यांचा प्रवेश वाढवते, म्हणून वेदनाशामक मलमात स्वतःच्या मनाने ही तेले मिसळू नयेत. पोटात घेण्याचा तर विचारही करू नये, आणि घरात मांजर असेल तर तिच्यापासून बाटली व खोलीतला वास दोन्ही दूर ठेवावेत.

कोणी विचारले तर संत्र्यापासून सुरुवात करा असे मी सांगेन. ते स्वस्त आहे, सौम्य आहे आणि रात्रीच्या मालिशीला त्याचा वास सुखावतो. सुजलेला, गरम झालेला सांधा असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. खरेदी करताना लेबलवर फळाचे शास्त्रीय नाव पाहावे: सिट्रस सायनेन्सिस म्हणजे गोड संत्रे, तर आपले नागपुरी संत्रे सिट्रस रेटिक्युलाटा आहे, चित्र मात्र अनेकदा त्याचेच छापलेले असते. बर्गमॉट घ्यायचे असेल तर फ्युरोकुमारीनमुक्त आहे का हे विचारावे, आणि कोणत्याही तेलासाठी बॅचची तारीख मागावी. ती न सांगणाऱ्या दुकानातून मी आता घेत नाही.