नायलॉक नट की निळं थ्रेडलॉकर? रोटावेटरवाल्यांसाठी

रोटावेटरच्या पात्यांचे नट ढिले होऊ नयेत म्हणून काय वापरावं: नायलॉक, म्हणजे आत प्लॅस्टिकचं कडं असलेला नट, की थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत टाकायचा, घट्ट होणारा द्रव? स्प्रिंग वायसरचं आधी मिटवून टाकू. नट नीट आवळला की तो चपटा होतो आणि साध्या वायसरएवढंच काम करतो. खरा त्रास आडव्या धक्क्यांचा. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच हे दाखवून दिलं होतं: जोडलेले भाग एकमेकांवर किंचित सरकले की आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि नट आपला आपण उलटा फिरतो. बरडात पऱ्हाटीच्या खुंटांवर रोटावेटर फिरवून पाहा, पात्यांच्या बोल्टांना दुसरं काय बसतं?

आता थ्रेडलॉकर. गुणाने ते सरस आहे, यात वाद नाही. आट्यांमधली पोकळी भरून निघते, सरकायला जागा उरत नाही, आवळलेला ताण टिकतो. नायलॉकचं प्लॅस्टिकचं कडं ताण राखत नाही, फक्त नट गळू देत नाही. (थ्रेडलॉकरची बाटली अर्धी रिकामी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ते हवा मिळते तोवर पातळ राहतं, आट्यांत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं. म्हणून बाटलीत हवा ठेवावीच लागते.)

तरीही माझ्या रोटावेटरला नायलॉक आहेत, आणि कारण एकच, धुणं. काळी माती आणि ग्रीस मिळून आट्यांत जो थर बसतो, तो तारेच्या ब्रशने खरवडा, थिनरने धुवा, वाळवा, मग थेंब टाका. थोडा तेलकटपणा चालणारे प्रकारही मिळतात, पण चिखल कोणालाच चालत नाही. एवढं करून पूर्ण ताकद यायला २४ तास. मृगाचा पाऊस पडून वापसा आलाय, पुढच्या वावराचा मालक धुऱ्यावर उभा आहे, त्याला उद्या या म्हणून सांगायचं कसं? नायलॉक चिखलातही चढतो. पाना शेवटपर्यंत फिरवावा लागतो, हात भरून येतात, पण ट्रॅक्टर लगेच हलतो. शिवाय ढिला झाला तरी नट बोल्टवरच राहतो, पातं खडखडून सांगतं. माझ्या अनुभवात तेवढी सूचना पुरते. तुमचं रान जास्त दगडाळ असेल तर कदाचित पुरणार नाही.

नायलॉक घ्याल तर आवळल्यावर बोल्टचे एकदोन आटे नटाबाहेर दिसू द्या. काढलेला नट कड्यातूनही बोटांनी फिरू लागला तर फेकून द्या. सायलेन्सरजवळ लावू नका, साधारण १२० अंश सेल्सिअसपुढे नायलॉनची पकड जाते. चाकांच्या नटांना दोन्ही नको, तिथे पानाच. लाल थ्रेडलॉकर, म्हणजे निळ्याहून जास्त पक्कं बसणारं, तर शक्यतो घेऊच नये. सोडवायला नट २५० अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि वावरात गॅसची टॉर्च कोण नेतो?

निळी बाटली मात्र माझ्या पेटीत असते. हडंब्याच्या (मळणी यंत्राच्या) पुलीला ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू असतो, त्याला नटच नाही, मग नायलॉक बसवणार कुठे? सोयाबीन यायच्या आधी, हडंबा रिकामा उभा असताना, तो स्क्रू काढून धुवायला आणि रात्रभर तसाच ठेवायला वेळही असतो.